फ्लायव्हील आणि जातं

एका मुलीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

‘बाई, मी बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग तालुक्याला अकरावी-बारावी सायन्स. पहिल्याच कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीला, पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला, ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनला). आई-अण्णा ऊसतोडीला जातात, मी आजीजवळ राहून शिकले. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कॉलेज सुरू व्हायला महिना-सव्वा महिना आहे. मैत्रीण म्हणते, स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. मामा म्हणतो, फर्स्ट इयरची पुस्तकं आणून आत्तापासून सुरू कर. अण्णा म्हणतात, लॅपटॉपसाठी आणि राहण्याखाण्यासाठी यंदा मुकादमाकडून आगाऊ मजुरीची उचल जास्त घेऊ. मला तर नक्की कशाची तयारी करायची तेच कळत नाही. तुम्हीही खेड्यातूनच पुण्याला शिकायला गेला होतात ना? तेव्हाच्या तुम्हाला आज काही सांगता आलं असतं, तर काय सांगितलं असतं? तेच मला सांगा.’

लेकी,

उचलीचं आधी बोलू. बाकीच्या गोष्टींना महिना आहे, तिला नाही; मुकादम पैसे याच दिवसांत वाटतो. अण्णांना आजच सांग की कॉलेजसाठी म्हणून जास्तीची उचल घेऊ नका. निदान तू दोन ठिकाणी चौकशी करून येईपर्यंत थांबा. उचल म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. एका कोयत्यामागे नवरा-बायको दोघं राबतात, आणि हंगामात फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. जी फी सरकारने तुझ्यासारख्या मुलींना माफ केली आहे, ती तुझ्या आईने पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहून का फेडायची?

महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला आणि तो २०२४-२५ पासून लागू केला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी त्या त्या विभागांच्या योजना आहेत. तू कुठल्या प्रवर्गातली ते लिहिलं नाहीस, लिहायची गरजही नव्हती. तुझ्यासाठी यातली कुठली तरी एक वाट आहेच. मात्र एक नीट लक्षात घे: माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, होस्टेल, मेस हे त्यात येत नाही. म्हणून कॉलेजात ‘फी किती?’ एवढंच विचारू नकोस. ‘यातलं शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, आणि मी आज किती भरायचे?’ असं विचार आणि उत्तर तिथेच कागदावर लिहून घे.

आता तुझा खरा प्रश्न.

मी १९८८ च्या जूनमध्ये जेऊर स्टेशनवरून पॅसेंजरने पुण्याला निघाले. आमचं गाव करमाळा तालुक्यात. बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. निघायच्या आधी मी काय तयारी केली होती, सांगू? दोन गावं पलीकडच्या एका मुलाच्या एफ.वाय.च्या गणिताच्या वह्या मी उन्हाळाभर उतरवून काढल्या होत्या. दोनशे पानी तीन वह्या, शाईच्या पेनने. तुझा मामा आज जे सांगतो आहे, ते मी न सांगता केलं होतं. पहिला महिना मी वर्गाच्या पुढे होते. दिवाळीपर्यंत मागे पडले. मला अडवलं ते सिलॅबसने नव्हतं, आणि त्याची तयारी कुठल्याच वहीत नव्हती.

वर्षाच्या शेवटी फिजिक्सची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मला फ्लायव्हीलचा प्रयोग आला. भिंतीत बसवलेलं लोखंडी जड चाक, त्याच्या आसाला गुंडाळलेली दोरी, दोरीला वजन. वजन सोडायचं, चाक फिरायला लागतं. दोरी सुटून वजन खाली पडलं तरी चाक फिरतच राहतं. ते फेरे मोजायचे आणि चाकाचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढायचा. प्रयोग माझा छान झाला, उत्तर जुळलं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, इनर्शिया म्हणजे काय? मी पाठ केलेली व्याख्या म्हटली. ते म्हणाले, पुस्तकातलं नको, तुझ्या शब्दांत सांग.

माझे शब्द माझ्याकडे होते. सातवी-आठवीपासून होते. जडत्व. आमच्या घरात जातं होतं. पहाटे आईबरोबर दळायला बसलं की पहिला फेरा ओढताना खांदा भरून यायचा, आणि एकदा वरचा दगड फिरायला लागला की मग हात नुसता खुंट्याला धरून ठेवायचा. हात सोडला तरी तो अर्धा-एक फेरा स्वतःच्या जोरावर जायचा. फ्लायव्हील म्हणजे भिंतीत उभं केलेलं जातं. हे मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. पण ते मराठीत होतं, आणि घरातलं होतं, चुलीपाशीचं होतं. प्रयोगशाळेत, बूट घातलेल्या माणसासमोर, जातं म्हणायचं नसतं असं मला वाटलं. मी गप्प उभी राहिले. ते परीक्षक वाईट नव्हते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्या परीक्षेत मी काठावर पास झाले.

तू म्हणशील, इंग्रजी कच्चं होतं. तसं नव्हतं. तुझ्यासारखंच माझंही अकरावी-बारावीचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि सर शिकवायचे मराठीत. त्यामुळे इंग्रजी शब्द मला लिहिता यायचे. ते तोंडातून कधी काढलेच नव्हते. आणि जे खरोखर समजलं होतं ते मराठीत समजलं होतं, ते कुणाला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. जेऊरच्या फलाटावर ट्रंक घेऊन उभ्या असलेल्या मुलीला मला काही सांगता आलं असतं, तर मी एवढंच सांगितलं असतं की, बाई गं, तुला येतं ते मोडक्यातोडक्या भाषेत बोल, आणि येत नाही ते विचार. तीन वह्या उतरवण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणून याचीच तयारी कर.

पुढे सत्तावीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवलं. दरवर्षी मागच्या बाकांवर माझ्यासारखी मुलं-मुली बसलेली दिसायची. वहीत सगळं उतरवून घेणारी, कधीच हात वर न करणारी. त्यांना मी म्हणायचे, आधी मराठीत सांग. मराठीत नीट सांगता आलं की इंग्रजीची चार वाक्यं करायला आपण मिळून पाच मिनिटं घेऊ. मराठीतही सांगता येईना, तर अडचण भाषेची नसायची, गणिताची असायची. मग तिथून सुरुवात करायची.

म्हणून स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालू नकोस. ‘हाऊ आर यू, आय अ‍ॅम फाइन’ने तुझं इंजिनिअरिंग पुढे सरकणार नाही. त्याऐवजी हे कर. रोज संध्याकाळी बारावीच्या फिजिक्समधली एक कल्पना घे. ती आजीला मराठीत सांग, तिच्या ओळखीच्या वस्तूवरून. उसाचा ट्रॅक्टर चढावर का दमतो, विहिरीच्या रहाटाने काय सोपं होतं, बॅटरीचा उजेड लांब गेल्यावर फिका का पडतो. आजीला पटेपर्यंत सांग. मग तेच फोनवर स्वतःच्या आवाजात इंग्रजीत रेकॉर्ड कर, चार-पाच वाक्यं, चुकली तरी चालतील. दुसऱ्या दिवशी ऐक आणि पुन्हा बोल. महिनाभरात तीस कल्पना होतील. कॉलेजात पहिल्या ओरलला तुझा आवाज तुला ओळखीचा वाटेल.

मामाचं म्हणणं अर्धं खरं आहे. अभ्यास सुरू कर, पण फर्स्ट इयरचा नको, बारावीचाच. एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणितात, मुलं नव्या धड्यात अडकत नाहीत. डिफरन्शिएशन आणि त्रिकोणमितीची सूत्रं कच्ची राहिलेली असतात, तिथे अडकतात. शिवाय सीईटीच्या तयारीत दोन वर्षं चार पर्याय बघून उत्तर ओळखायची सवय लागलेली असते. विद्यापीठाच्या पेपरात बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात, पायऱ्या लिहाव्या लागतात, आणि पायऱ्यांना मार्क असतात. हुशार मुलं यात पहिल्या सेमिस्टरला मार खातात, हे मी दरवर्षी पाहिलं आहे. रोज पाच गणितं, कागदावर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पुस्तकं विकत घेऊ नकोस. कॉलेजच्या बुक बँकेत चौकशी कर, नाहीतर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात.

लॅपटॉप आत्ता नको. पहिल्या वर्षाला बहुतेक विषय सगळ्या शाखांना सारखेच असतात, आणि प्रोग्रॅमिंग लॅबमधल्या कॉम्प्युटरवर होतं. वर्ग सुरू होऊ दे, दोन महिन्यांनी सीनियर मुलींना विचार की खरंच कशाला लागतो आणि किती साधा चालतो. पैसे घालायचेच तर चांगल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला घाल. ड्रॉइंगसाठी ड्राफ्टर सांगितला तर तोही सीनियरकडून जुना घे.

आता विचारण्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे ऑफिसाबद्दल. इथली माझी चूक त्या तोंडी परीक्षेतल्या चुकीपेक्षा महाग पडली.

आमच्या काळी ईबीसीची फी सवलत असायची. उत्पन्नाचा दाखला वेळेत दिला की फी माफ. दाखला माझ्या ट्रंकेत होता. आबांनी, माझ्या वडिलांनी, तहसीलला तीन चकरा मारून तो आणला होता. कॉलेज सुरू झालं, मी वाट बघत राहिले की कुणीतरी वर्गात येऊन मागेल. शाळेत तसंच असायचं, गुरुजी यायचे आणि कागद गोळा करायचे. कॉलेजात कुणी आलं नाही. नोटीस बोर्डावर तारीख लागली होती. तो बोर्ड पाण्याच्या टाकीशेजारी होता, मी रोज तिथे पाणी प्यायचे. बोर्डावर लावलेलं माझ्यासाठी असू शकतं, हे मला सुचलंच नाही. तारीख गेल्यावर ऑफिसात गेले, तर खिडकीतल्या माणसाने मान हलवली. त्याला पुढे काय करता येईल हेही मी विचारलं नाही. बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. आबांनी त्या वर्षीची पूर्ण फी ज्वारी विकून भरली. मला ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, ‘बोर्ड कुठं होता गं?’

म्हणून तुला सांगते, कागदांचं काम अभ्यासाइतकंच मन लावून कर, आणि ते दसऱ्याच्या आत संपव. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की अण्णा कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कोपीत (झोपडीत) असतील. तेव्हा सही कोण करणार आणि तहसीलला कोण जाणार? उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमी लेयर, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका. उत्पन्नाचा दाखला मागताना तीन वर्षांचा मिळेल का विचार. नॉन-क्रिमी लेयर घेतलंस तर त्यावरची मुदत वाच; ती ३१ मार्चला संपते, आर्थिक वर्षाबरोबर. वैधता अजून हातात नसेल तर अर्ज कुठे अडकला आहे ते जिल्ह्याच्या समितीत जाऊन बघ, घरी बसून वाट बघू नकोस. आणि कुठलाही मूळ कागद कुणाच्या हातात देण्याआधी त्याच्या दहा झेरॉक्स आणि फोनवर स्वच्छ फोटो.

दोन गोष्टी मुलं हमखास विसरतात. पहिली, बँक खातं. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून थेट आधारला जोडलेल्या खात्यात येते. तुझं शाळेतलं खातं लहानपणी काढलेलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर ते बँकेत जाऊन तुझ्या नावावर सज्ञान म्हणून करून घे, आणि ‘आधार सीडिंग झालंय का?’ हे त्याच शब्दांत विचार. दुसरी, मोबाइल नंबर. तुझं आधार अण्णांच्या नंबराला जोडलेलं असणार. तू पुण्यात ऑफिसच्या खिडकीशी उभी, ओटीपी जाणार अण्णांच्या फोनवर, आणि अण्णा उसाच्या फडात, रेंज नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका मुलाचा अर्ज शेवटच्या दिवशी असाच राहिला. आधारला तुझा स्वतःचा नंबर जोड, या आठवड्यात.

महाडीबीटीचा फॉर्म भरला की काम संपत नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथे कुणीतरी तो तपासून पुढे पाठवावा लागतो, आणि कितीतरी फॉर्म तिथेच महिनोन्‌महिने पेंडिंग राहतात. कॉलेजात गेल्यावर पहिल्या आठवड्यात स्टुडंट सेक्शनमध्ये जा आणि म्हण, ‘सर, महाडीबीटीचं काम कॉलेजात कोण बघतं? शेवटची तारीख काय आहे?’ नाव लिहून घे. फॉर्म भरल्यावर दर पंधरा दिवसांनी जाऊन स्टेटस विचार. एखाद्याने तोंड वाकडं केलं तर करू दे. एक वाक्य घरूनच पाठ करून जा: ‘हे इथे होत नसेल तर कुठे होईल?’ हे वाक्य मला त्या दिवशी सुचलं असतं तर आबांची ज्वारी कणगीत राहिली असती.

राहण्याखाण्याचं. समाजकल्याण विभागाची आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वसतिगृहं आहेत, तिथे अर्ज कर. तिथे जागा मिळाली नाही तर प्रवर्गाप्रमाणे भत्त्याच्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. इतर मागास, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मराठा आणि खुल्या वर्गातल्या गरजूंसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळही आहे. बीडला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या ऑफिसात एकदा जा आणि सांग, ‘माझे आई-वडील ऊसतोड कामगार आहेत, मी पुण्यात इंजिनिअरिंगला चालले आहे, मला काय काय लागू आहे?’ आई-अण्णांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र निघालं असेल तर सोबत ने. सांगताना मान खाली घालायची नाही.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली खेड्यातून येणाऱ्या गरीब मुलांसाठी ती सुरू केली, आणि तिच्या वसतिगृहांत मुलींनाही जागा असते. तिथेही लगेच चौकशी कर. विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने. लायब्ररीत किंवा ऑफिसात रोज थोडे तास काम करायचं आणि त्याचा मोबदला मिळतो. तुझ्या कॉलेजात ती आहे का विचार. मी दुसऱ्या वर्षी लायब्ररीत पुस्तकांना नंबर घालायचं काम केलं. पैसे थोडे होते, पण त्या निमित्ताने लायब्ररीतल्या माणसांशी बोलायला शिकले. वर्गात बोलायला तिथूनच जमलं.

एकटेपणाबद्दल थोडंसं. पहिले काही महिने मी मेसमध्ये जेवायला जायचं टाळायचे, कारण सगळ्या जणी घोळक्याने बसायच्या. खोलीवर घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचे. एके दिवशी शेजारच्या खोलीतल्या यवतमाळच्या मुलीने दारात उभं राहून विचारलं, ‘चटणी आहे का अजून?’ तिलाही मेसमध्ये जायचं नसायचं, हे मला नंतर कळलं. तू चटणी जास्त ने.

आई-अण्णांशी फोनची एक वेळ आत्ताच ठरव, संध्याकाळी तळावर परतल्यानंतरची. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा ऐन हंगामात येते. एखादा विषय राहिला, केटी लागली, तर ती लपवू नकोस. पुढच्या परीक्षेत निघते. लपवलेली केटी मुलांना आतून खाते, ती निघायला फार वेळ लागतो. कुणी रॅगिंग केलं तर १८००-१८०-५५२२ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, आणि महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. नंबर फोनमध्ये आजच घालून ठेव.

पत्रात तू लिहिलं आहेस, ‘घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच.’ ते तू भीतीने लिहिलं आहेस असं मला वाटलं. पहिल्या माणसाला काहीही माहीत नसणं स्वाभाविक आहे. तुझ्या वर्गात ज्यांच्या घरी दोन पिढ्या इंजिनिअर आहेत त्या मुलांना हे सगळं जेवता-जेवता कानावर पडलेलं असतं. तुला ते विचारावं लागेल. तेवढाच फरक आहे, आणि तो एका सेमिस्टरात भरून निघताना मी पाहिला आहे.

हे पत्र संध्याकाळी अण्णांना वाचून दाखव, आईलाही बसव. मग सोमवारी सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज दे. कॉलेजने फीचा कागद दिला आणि त्यातला एखादा आकडा कळला नाही, तर त्याचा फोटो याच पत्त्यावर पाठव. आपण दोघी मिळून तो वाचू.

तुझी,
बाई